प्रस्तावना : निकाल हाती, मालमत्ता कुठे?

८ मे २०१८ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाच्या वाणिज्य शाखेत न्या. अँड्र्यू हेन्शॉ यांनी एक निकाल दिला. प्रकरण भारतात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे होते. किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्जांना विजय मल्ल्या यांनी वैयक्तिक हमी दिली होती. बंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने १९ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्याविरुद्ध ६,२०३ कोटी रुपये अधिक व्याज अशा वसुलीचा निकाल दिला. स्टेट बँकेच्या पुढाकाराखालील १३ जणांचा गट तो निकाल घेऊन लंडनला गेला, तिथल्या न्यायालयात त्याची नोंदणी करून घेतली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मल्ल्या यांची जगभरातील मालमत्ता गोठवणारा आदेश मिळवला. आदेशातली रक्कम सुमारे ११४.५ कोटी पौंड होती. आदेश उठवावा अशी मल्ल्या यांची मागणी हेन्शॉ यांनी फेटाळली.

एवढे बातम्यांत आले. पण त्याच आदेशात आणखी एक आकडा होता. मल्ल्या यांनी राहणीमानासाठी दर आठवड्याला किती खर्च करायचा, हे न्यायालयाने ठरवून दिले होते: सुरुवातीला ५,००० पौंड, पुढे वाढवून १८,३२५ पौंड. हजारो कोटी बुडाल्याची चर्चा चालू असताना आठवड्याला एवढी रक्कम वाचून कुणाच्याही कपाळावर आठी पडेल. तरीही या पुस्तकाचा विषय समजून घ्यायचा तर सुरुवात त्याच आकड्यापासून करायला हवी. गोठवण्याच्या आदेशाने बँकांच्या हाती त्या दिवशी एक पौंडही पडला नाही. घर विकले गेले नाही, खाते रिकामे झाले नाही, मालकी बदलली नाही. माणसाला एवढेच बजावले गेले की जे आहे ते जागेवर राहू दे. जेवणखाण, घरभाडे, वकिलाची फी यांसाठी अमुक इतके काढ आणि बाकीच्याला हात लावू नकोस. हात लावलास तर तो न्यायालयाचा अवमान ठरेल.

जप्ती मालमत्तेवर बसते, गोठवण्याचा आदेश माणसावर बसतो. हा फरक एकदा मनात पक्का झाला की या क्षेत्रातल्या निम्म्या गाठी आपोआप सुटतात.

आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांत ज्याने दावा जिंकला तो डिक्रीदार किंवा हुकूमनामाधारक, ज्याच्याविरुद्ध निकाल लागला तो निर्णीत ऋणको, आणि पैसे मिळावेत म्हणून जिंकणाऱ्याला पुन्हा जो अर्ज करावा लागतो ती दरखास्त. पक्षकार मंडळी या शब्दाला घाबरून असतात, आणि त्यांच्या भीतीला आधार आहे. दावा चालायला आठ वर्षे लागली आणि दरखास्त निकाली निघायला आणखी दहा, अशी उदाहरणे कोणत्याही तालुका न्यायालयाच्या आवारात ऐकायला मिळतात. ही तक्रार आजची नाही. दरभंगा संस्थानाच्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदवून ठेवले होते की भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षांत न्यायालये बदलली, कायदे बदलले, राज्यकर्ते बदलले. हे निरीक्षण मात्र सर्वोच्च न्यायालयाला आजही आपल्या निकालांत पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

अडचण नेमकी कशी उभी राहते? निकाल आणि वसुली यांच्यात काळाची फट असते. अपील, स्थगिती, नोटिसांची बजावणी, बेलिफाच्या फेऱ्या, तारखा. या फटीत ऋणको मोकळा असतो. फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने जातो, मुदतठेव मोडली जाते, कंपनीतली यंत्रे भावाच्या नव्या कंपनीत पोचतात. त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ नुसार हुकूमनाम्यानंतरचे व्याज, व्यापारी व्यवहार सोडल्यास, वर्षाला ६ टक्क्यांच्या वर जात नाही. बाजारात याहून महाग दराने पैसे उचलावे लागतात. म्हणजे न देणाऱ्याला उशीर परवडतो, जिंकणाऱ्याला परवडत नाही. ही फट बंद करणे हे गोठवण्याच्या आदेशाचे काम.

या आदेशाचा आधुनिक इतिहास एका जहाजापासून सुरू होतो आणि त्या जहाजावर भारतासाठी खत भरलेले होते. ‘मारेवा’ हे त्या जहाजाचे नाव. मालकांनी ते इंटरनॅशनल बल्ककॅरिअर्स या कंपनीला मुदतीच्या भाडेकरारावर दिले. भाडे दर पंधरवड्याला आगाऊ द्यायचे होते. त्या कंपनीने जहाज पुढे उपभाड्याने दिले, आणि उपभाडेकरू होते भारताचे राष्ट्रपती, कारण भारत सरकारचे करार त्यांच्या नावाने होतात. फ्रान्समधल्या बोर्दोहून भारतात खत आणायचे होते. ठरल्याप्रमाणे लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने वाहतूक भाड्यातला ९० टक्के हिस्सा, १,७४,००० पौंड, कंपनीच्या लंडनमधल्या बँक खात्यात भरला. कंपनीने मालकांना भाड्याचे पहिले दोन हप्ते दिले. जून १९७५ मधला तिसरा हप्ता मात्र आलाच नाही. पैसा लंडनच्या खात्यात पडून होता आणि एका तारेवर तो देशाबाहेर जाऊ शकत होता. खत समुद्रात, भाडे बँकेत, आणि मालकांच्या हाती काहीच नाही.

त्या काळचा इंग्लिश कायदा अशा माणसाला सरळ परत पाठवत असे. १८९० सालच्या लिस्टर विरुद्ध स्टब्ज या निकालाने ते ठरवून टाकले होते. कापडगिरणीचा मुकादम मालकाच्या पुरवठादारांकडून गुपचूप दलाली खात होता आणि त्या पैशातून जमीन घेत होता. मालकाने न्यायालयाला विनवले की खटला चालेपर्यंत ही मालमत्ता विकू देऊ नका. न्यायालय म्हणाले, निकाल लागण्याआधी प्रतिवादीला तारण ठेवायला लावता येत नाही. पंचाऐंशी वर्षे इंग्रज वकील हे पाठ म्हणून शिकत आले.

इंग्लंडमधले न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांना ते पटत नव्हते. २२ मे १९७५ रोजी त्यांच्यासमोर एक जपानी जहाजकंपनी आली. तिचे ग्रीक भाडेकरू परागंदा झाले होते, पिरेअस बंदरातले त्यांचे कार्यालय बंद होते, लंडनच्या बँकांत मात्र पैसा होता. डेनिंग यांनी मनाई हुकूम दिला. महिन्याभराने, २३ जूनला, मारेवाच्या मालकांनाही दिला. दोन्ही वेळी समोरची बाजू हजर नव्हती. लिस्टरचा निकाल पहिल्या वेळी कुणी दाखवलाच नाही, दुसऱ्या वेळी दाखवला गेला आणि डेनिंग तो ओलांडून पुढे गेले. भारतात आणीबाणी जाहीर व्हायला तेव्हा दोन दिवस उरले होते, त्यामुळे भारताच्या खतावरून लंडनमध्ये कायद्याचे एक नवे पान उघडले याची इथे कुणाला गंधवार्ताही लागली नसेल.

नाव जहाजाचेच पडले. १९९९ पर्यंत जगभरचे वकील ‘मारेवा’ म्हणत. त्या वर्षीच्या नव्या दिवाणी नियमांनी इंग्लंडमध्ये त्याला गोठवण्याचा मनाई हुकूम असे साधे नाव दिले. भारतात ‘मारेवा’ हाच शब्द अजून रूढ आहे.

पुढची वाढ एका रेषेत झाली नाही, आणि तीच त्यातली रंजक बाजू. १९८० मध्ये न्या. रॉबर्ट गॉफ यांनी स्पष्ट केले की हे हत्यार निकालापूर्वीच वापरायचे असे नाही. निकाल लागल्यावरही, अंमलबजावणी होईपर्यंत, ते देता येते. विचार केला तर हा उपयोग जास्त न्याय्य आहे. निकालापूर्वी न्यायालय एका आरोपाच्या भरवशावर माणसाला बांधते. म्हणून तिथे अटी कडक आहेत: दाव्यात सकृद्दर्शनी दम हवा, मालमत्ता उधळली जाण्याचा खरा धोका हवा, अर्जदाराने स्वतःविरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, आणि उद्या दावा हरला तर नुकसानभरपाई देण्याची हमी द्यायला हवी. निकालानंतर पहिला प्रश्न संपलेला असतो. कर्ज सिद्ध झालेले असते. धोका तेवढा दाखवावा लागतो. निकालापूर्वीच्या आदेशात ऋणकोला धंद्याचे नेहमीचे देणे-घेणे करू दिले जाते; निकालानंतर ही सवलत सहसा मिळत नाही, कारण त्याच्या पहिल्या देण्याचा हक्कदार आता ठरलेला असतो.

१९८८च्या सुमारास इंग्लिश न्यायालये देशाच्या सीमा ओलांडून गेली. बाबानाफ्त या प्रकरणात, जिथे निकाल आधीच लागलेला होता, जगभरातल्या मालमत्तेला लागू होणारा आदेश मान्य झाला. मात्र परदेशातल्या बँकेवर वा त्रयस्थावर तो तिथल्या न्यायालयाने मान्यता दिल्याखेरीज बंधनकारक नाही, हे कुंपणही घातले गेले. ते कुंपण नसते तर लंडनचा न्यायाधीश साऱ्या जगातल्या बँकांचा व्यवस्थापक बनला असता. उलट दिशेने, १९७७च्या सिस्किना निकालाने या आदेशाला आखूड दोराने बांधले होते: मूळ दावा याच देशात चालणार असेल तरच आदेश. तो दोर सुटायला ४४ वर्षे लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून आलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलमध्ये लॉर्ड लेगॅट यांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, मांडले की गोठवण्याच्या आदेशाचा पाया मूळ दाव्यात नसून होऊ घातलेल्या अंमलबजावणीत आहे. निकाल कुठेही लागो. तो इथल्या मालमत्तेवर वसूल होणार असेल तर ती मालमत्ता राखण्याचा अधिकार इथल्या न्यायालयाला आहे. या पुस्तकाची मांडणीही याच विचारावर उभी आहे.

या आदेशाला दात अवमानाच्या शिक्षेमुळे येतात. कझाकस्तानच्या बीटीए बँकेच्या खटल्यात मुख्तार अब्ल्याझोव्ह यांनी मालमत्ता लपवली असे ठरले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यांना २२ महिन्यांची कैद सुनावली. ते तोवर देश सोडून गेले होते. दात असले तरी पोच सीमित असते, हेही याच उदाहरणात दिसते.

इंग्लंडच्या बाहेर दोन वेगळ्या परंपरा आहेत. युरोप खंडातल्या देशांना डेनिंग यांची वाट पाहावी लागली नाही. फ्रान्समध्ये संरक्षक जप्ती, जर्मनीत ‘आरेस्ट’, पोर्तुगालमध्ये ‘आर्रेस्तु’ अशी साधने जुन्या संहितांतच होती, आणि ती थेट मालमत्तेला धरतात. मराठी वाचकाला यातले शेवटचे नाव परके वाटू नये. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहिता मुक्तीनंतरही काही वर्षे चालू होती. भारतीय संहिता तिथे १९६५च्या कायद्याने लागू झाली. जुन्या गोमंतकीय वकिलांच्या कपाटांत आर्रेस्तुचे अर्ज एकेकाळी नेहमीचे होते. २०१७ पासून युरोपीय संघाने बँक खाती राखून ठेवण्याचा एक सामाईक आदेशही आणला आहे. दुसरी परंपरा अमेरिकेची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, निकालापूर्वी विनातारण कर्जासाठी मालमत्ता गोठवण्याचा अधिकार संघीय न्यायालयांना नाकारला. पण निकाल लागल्यावर चित्र पालटते. न्यूयॉर्कमध्ये जिंकलेल्या पक्षाचा वकील स्वतःच्या सहीने बँकेला प्रतिबंधाची नोटीस पाठवू शकतो, आणि खाते तिथेच थांबते. न्यायाधीशाकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. निकालापूर्वी हात आखडता, निकालानंतर सढळ: या लेखणीला तरी हा तोल इंग्लिश पद्धतीपेक्षा स्वच्छ वाटतो.

आणि भारत? आपल्याकडे या विषयावर लिहिणारे बहुतेक जण ‘मारेवा’ने सुरुवात करतात आणि त्यामुळे एक गैरसमज पसरतो, की हे हत्यार आपल्याला लंडनहून उसने आणावे लागते. वस्तुस्थिती उलटी आहे. इंग्लंडमध्ये जे १९७५ पर्यंत नव्हते ते इथल्या दिवाणी संहितेत १८५९ पासून आहे. निकालापूर्वीची जप्ती तेव्हाही होती, १९०८च्या संहितेत ती आदेश ३८, नियम ५ मध्ये आली. आदेश ३९, नियम १ मध्ये तर सावकारांना फसवण्याच्या हेतूने मालमत्ता हलवू पाहणाऱ्या प्रतिवादीला थेट मनाई करण्याची तरतूद आहे. न्यायालयांनी ती जपून वापरली, आणि तसे वापरणे योग्य आहे: २००७ मध्ये रामन टेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की विनातारण कर्जाचे रूपांतर तारणी कर्जात करण्यासाठी हा नियम नाही. लवादाच्या प्रकरणांत २०२२च्या एस्सार हाऊस निकालाने थोडी मोकळीक दिली.

पण हुकूमनाम्यानंतरचे काय? इथे संहितेचा आदेश २१ उघडावा लागतो, आणि तो उघडल्यावर वाटते की साधनांची कमतरता कधीच नव्हती. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस थकला की नियम ४१ खाली ऋणकोला आपल्या साऱ्या मालमत्तेचे शपथपत्र द्यायला लावता येते. त्याने आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. नियम ४६ खाली त्याची येणी धरता येतात. बँकेतले खाते म्हणजे बँक त्याचे देणे लागते, म्हणून बँकेला ‘देऊ नका’ आणि त्याला ‘घेऊ नका’ असा दुहेरी प्रतिबंध. नियम ५४ खाली जमीन-घराची जप्ती, जी जागेवर दवंडी पिटून जाहीर करायची असा संहितेचा आग्रह. आणि कलम ६४: जप्तीनंतर केलेली खासगी विक्री वा बक्षीस जप्तीखालच्या हक्कांपुरते रद्दबातल. हे कलम गोठवण्याच्या आदेशापेक्षाही बळकट आहे. लंडनचा आदेश मोडला तर मोडणाऱ्याला शिक्षा होते, पण प्रामाणिक खरेदीदाराकडे गेलेली वस्तू परत येईलच असे नाही. इथे व्यवहारच टिकत नाही.

मग अडते कुठे? जप्तीसाठी मालमत्ता नेमकी माहीत असावी लागते, आणि ती त्या न्यायालयाच्या हद्दीत असावी लागते. पुण्याचा हुकूमनामा आणि नागपूरचा प्लॉट असेल तर दरखास्त तिकडे वर्ग करावी लागते. तेवढ्या दिवसांत खरेदीखत नोंदले जाते. या फटीसाठी २००७ मध्ये मोहित भार्गव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाट दाखवली: हद्दीबाहेरच्या मालमत्तेची विक्री अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाला करता येणार नाही, पण गोठवण्याच्या वा मारेवा स्वरूपाच्या आदेशाने ऋणकोला रोखून धरणे ही निराळी गोष्ट आहे. म्हणजे माणसावर बसणारा आदेश आणि मालमत्तेवर बसणारी जप्ती एकमेकांना पूरक आहेत. आधी माणूस बांधा, मग मालमत्ता शोधा, मग ती धरा. हा क्रम साधा आहे. दुर्दैवाने व्यवहारात तो उलटा चालतो: वर्षभर मालमत्ता शोधण्यात जाते, आणि सापडते तेव्हा ती दुसऱ्याची झालेली असते.

गोव्याच्या एका प्रकरणाने जहाजांपुरता हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. १९८४ मध्ये ‘एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज एका गोमंतकीय कंपनीचा माल घेऊन भरणपत्रे न देताच मार्मागोवा बंदरातून निघून गेले आणि नंतर विशाखापट्टणमला अडकवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये भारतीय उच्च न्यायालयांचा नौकाधिकार व्यापक असल्याचा निर्वाळा दिला. जहाज अटकेत ठेवता येते. बँक खाते, शेअर, दुबईतला फ्लॅट यांना नांगर नसतो, म्हणून त्यांच्यासाठी निराळे साधन लागते.

आता दुसरी बाजू, जी या विषयावरच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते आणि महाराष्ट्राला तरी तशी उरकून चालणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे आणि हुकूमनामे काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. त्यामागे कापसाच्या भावाची घसरण होती, साऱ्याची वाढ होती, आणि एकतर्फी हुकूमनामे घेऊन जमिनी बळकावणारी सावकारी होती. न्यायालय हे कुळाच्या नजरेत सावकाराचे घर झाले होते. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करता येणार नाही, आणि स्पष्ट गहाण न ठेवलेली त्याची जमीन जप्त होणार नाही, असे त्याने ठरवले. वसुलीची ताकद बेलगाम झाली की काय होते, हे मराठी मुलखाने लंडनच्या शंभर वर्षे आधी पाहिले आहे.

त्या अनुभवाचे अंश आजच्या संहितेत आहेत. कलम ६० वाचावे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल, त्याचे घर, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता न येणारा दागिना, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग, यांना हात लावता येत नाही. मजकूर कोरडा आहे, पण त्यामागे कुणाचे तरी चूल-पोतेरे आहे. (ती १,००० रुपयांची मर्यादा मात्र आजच्या महागाईत हास्यास्पद झाली आहे, ती बदलायलाच हवी.) १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी पुढचे पाऊल टाकले: निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकणे संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाशी विसंगत; ऐपत असून लबाडीने न देणारा तेवढा त्या शिक्षेला पात्र. मल्ल्या यांच्या आठवड्याच्या १८,३२५ पौंडांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले की आकडा खटकला तरी तत्त्व पटते. ऋणकोला जगू द्यायचे आणि लपवू द्यायचे नाही. किती रकमेला जगणे म्हणायचे, एवढाच वाद उरतो, आणि तो न्यायालयाने प्रत्येक वेळी डोळसपणे सोडवावा.

लबाडीने लपवण्याचे उदाहरणही त्याच प्रकरणात आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे प्रतिबंध असताना मल्ल्या यांनी डियाजिओ या मद्यकंपनीकडून आलेले ४ कोटी डॉलर मुलांकडे वळवले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल चार महिन्यांची कैद आणि २,००० रुपये दंड सुनावला आणि ती रक्कम ८ टक्के व्याजासह परत भरायला सांगितले.

आजच हे पुस्तक का? पैशाचा वेग हे पहिले कारण. १९७५ मध्ये पैसा तारेवर जात होता, आता तो फोनवरून रात्री दोन वाजताही जातो आणि न्यायालय सकाळी उघडते. दुसरे कारण सीमा. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या न्यायालयांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली भारतात अंमलात आणता येतात. आखातात धंदा करून परतलेल्या, किंवा तिथे देणे ठेवून आलेल्या, मराठी माणसांच्या दारापर्यंत हा बदल आला आहे. उलटा प्रवासही होतो. पूर्वलक्षी कराच्या वादात केर्न एनर्जी या कंपनीने लवादाचा निवाडा घेऊन जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे २० मालमत्ता गोठवून घेतल्या. महिन्याभरात संसदेने पूर्वलक्षी कराची तरतूद मागे घेतली. सार्वभौम सरकारलाही हा आदेश जाणवतो.

तिसरे कारण आकड्यांत आहे. राहुल शाह प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात त्याच न्यायालयाने देशभरातल्या उच्च न्यायालयांकडून हिशेब मागवला. ऑक्टोबरात तो आला: ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती प्रलंबित. सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, ३ लाख ४१ हजारांच्या घरात. यातल्या प्रत्येक दरखास्तीमागे एक जिंकलेला माणूस आहे. पोटगीची वाट पाहणारी बाई, अनामत परत न मिळालेला भाडेकरू, मालाचे पैसे अडकलेला इचलकरंजीचा यंत्रमागधारक. ज्या राज्याची लोकशाही न्यायालयांवर विसंबते त्या राज्याला ही संख्या लाज वाटायला लावणारी आहे.

सामान्य माणसाच्या मनात अलीकडे आणखी एक गोंधळ झाला आहे. ‘खाते गोठले’ म्हटले की त्याला सायबर पोलिसांची नोटीस आठवते. ती फौजदारी तपासातली गोष्ट आहे. सक्तवसुली संचालनालयाची जप्ती आणखी वेगळी, ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्याखालची जप्ती वेगळी, महारेराच्या आदेशावरून जिल्हाधिकारी करतो ती वसुली वेगळी, आणि दिवाळखोरी संहितेचा स्थगितीकाळ तर दिवाणी वसुलीच थांबवणारा. नावे सारखी, दारे निराळी. चुकीच्या दारावर गेलेला माणूस महिने घालवतो.

हे पुस्तक त्या दारांवर पाट्या लावते. वकिलांसाठीच्या जाडजूड टीकाग्रंथांची जागा घेण्याचा त्याचा इरादा नाही. त्याला डिक्रीदार, ऋणको आणि दोघांच्या मध्ये सापडलेला त्रयस्थ, म्हणजे बँक, नातेवाईक, भागीदार, या तिघांच्या जागी आळीपाळीने बसून पाहायचे आहे. मराठी न्यायालयीन भाषेत ज्या गोष्टींना नाव आहे तिथे तेच नाव ते वापरते. दरखास्त, प्रतिबंध, बोजा, बेलिफ, पंचनामा. जिथे नाव नाही तिथे सरळ वर्णन करते. इंग्लिश निकालांचा आदर ते राखते, पण त्यांच्यापुढे मान तुकवत नाही. आणि एक भूमिका ते उघडपणे घेते: निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने त्याच दिवशी, निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात, ऋणकोला मालमत्तेचे शपथपत्र देण्यास आणि ते होईपर्यंत काहीही न हलवण्यास सांगावे. बहुतेक प्रकरणांत यासाठी नवा कायदा लागणार नाही. सवय लागेल.

या मताशी सगळे सहमत होणार नाहीत. दंग्यांचा इतिहास जाणणारा म्हणेल की इतकी सरसकट ताकद पुन्हा गरिबावरच चालेल. मोठा ऋणको परदेशी न्यासांत पैसा ठेवून बसेल आणि शपथपत्राच्या चुकीसाठी किराणा दुकानदार तुरुंगात जाईल. आक्षेप खरा आहे, आणि पुस्तकाने तो टाळलेला नाही. त्याचे उत्तर सवलतींच्या यादीत शोधावे लागेल, साधन मोडीत काढण्यात नाही.

वाचकाला एवढेच सांगणे. हुकूमनामा हाती पडला की पेढे वाटण्याआधी वकिलाला दोन प्रश्न विचारावेत: नियम ४१चा अर्ज कोणत्या दिवशी करणार, आणि ऋणकोच्या कोणकोणत्या बँकांना प्रतिबंध मागणार. अंमलबजावणीला कायद्याने १२ वर्षे दिली आहेत. पहिले तीस दिवस हातचे जाऊ देऊ नयेत.